चौथी तार

पहूर हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे; पण आपण ते पाहिले, हे त्यांना ठाऊक नाही. जळगावच्या स्टेशनावर उतरून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेली मंडळी पहूरवरूनच पुढे जातात. मोटार इथे घटकाभर थांबते. कोणी चहा घेतो, कोणी केळ्यांची एखादी फणी विकत घेतो, मुले खिडकीतून माना बाहेर काढतात, आणि गाडी सुटते. घरी परतल्यावर अजिंठ्याचा पद्मपाणी सर्वांच्या लक्षात असतो. पहूर कोणाच्याच लक्षात नसते. एके काळी पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी इवलीशी आगगाडी तरी इथे शिटी वाजवून आपल्या अस्तित्वाची जाणीव देई. २०२० साली टाळेबंदीत तीही थांबली आणि पुन्हा काही सुरू झाली नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. वाटेवरच्या गावांचे नशीब असेच असते. त्यांच्यावरून जावे लागते, त्यांच्यापर्यंत कोणी जात नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गाण्यातही एक पहूर असते. त्याला आजकालची मुले ‘बेस’ म्हणतात.

गाणे कोणी म्हटले ते आपल्याला पाठ असते. चाल कोणाची, शब्द कोणाचे, यावरून आपण जेवणाच्या पानावर भांडतो. पण त्या गाण्याच्या तळाशी बसून जो एक जाड, घुमणारा सूर धरून ठेवतो, त्या वादकाचे नाव विचारा. घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर तीन पिढ्या नाचल्या. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? परदेशात तरी निराळे काय घडले? अमेरिकेतल्या मोटाऊन या कंपनीच्या तबकड्या साऱ्या जगात खपल्या. त्यांतल्या कित्येकांवर जेम्स जेमरसन यांचा बेस आहे; परंतु वादकांची नावे वेष्टनावर छापायची सुबुद्धी त्या कंपनीला १९७१ साली झाली. बीटल्सची कथाही अशीच. त्यांचा बेसवादक १९६१ मध्ये चमू सोडून हॅम्बुर्गला राहिला, तेव्हा ते वाद्य पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडले. हौसेने मागून घेतलेली ती जागा नव्हती.

वाद्य म्हणून पाहिले तर यात भिण्यासारखे काही नाही. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात माणसाहून उंच असे एक ‘डबल बेस’ असे. ते उभ्याने वाजवायचे आणि बैलगाडीत घालून न्यायचे, इतके अवजड. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी त्याला गिटारीचा आकार देऊन, गळ्यात अडकवता येईल असे विजेवर चालणारे वाद्य बाजारात आणले आणि ते रूढ झाले. त्याला तारा चार. त्यांतली चौथी, सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. म्हणजे साध्या गिटारीच्या सर्वांत जाड तारेच्याही निम्मे. आपल्या तंबोऱ्यालाही चारच तारा असतात आणि त्याचीही चौथी तार खर्जाची असते. मैफलीत त्या तारेकडे कोणी बघत नाही. पण ती उतरली की गवय्याचे तोंड उतरते. बेसवादकाचे काम या चौथ्या तारेचे आहे. फरक एवढाच की तंबोरा एका जागी बसून राहतो आणि हा गाण्याबरोबर चालतो. एका पायाने ताशा-ढोलांची लय सांभाळतो, दुसऱ्या पायाने गायकाच्या सुराला टेकू देतो.

खानदेशच्या माणसाला हे समजावून सांगायला तंबोऱ्याचीही गरज नाही. सातपुड्यात काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खालचा सूर कानाआधी छातीत ऐकू येतो हे माहीत आहे. तिथले ते प्रचंड ढोल रात्रभर वाजतात तेव्हा पायाखालची जमीनच बोलते आहे असे वाटते. आमच्या पहूरच्या लग्नसराईतला डीजेही असाच बोलतो. फक्त त्याच्या बोलण्याने घरातली भांडी फळीवरून खाली येतात, एवढेच.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. गावात त्यांना सारे आबा म्हणतात. चार एकर कापूस, थोडी केळी, सोसायटीचे कर्ज आणि एकुलता एक मुलगा, असा त्यांचा पसारा. मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्याने जळगावहून कोणाकडून तरी जुने बेस गिटार विकत आणले होते आणि तो नवरात्रात, लग्नात एका ऑर्केस्ट्राबरोबर जाऊ लागला होता.

“सर, तुम्ही सांगा त्याला,” आबा म्हणाले. “स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भर म्हणतो, तर भरत नाही. गाणं म्हणत असता तर एक वेळ समजलो असतो. लोक नाव तरी घेतात. हा मागे अंधारात उभा राहतो आणि चार तारा हलवतो. काय वाजवतो ते आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही.”

मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्या दिवशी स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. मी दोघांना घेऊन हॉलमध्ये गेलो आणि मुलांना एक गाणे धरायला सांगितले. गाणे रंगात आल्यावर मी याला खूण केली, आणि त्याने हात उचलला. ढोलकी चालू होती, पेटी चालू होती, गाणारी मुलगी गात होती. पण गाणे एकदम पोकळ झाले. भिंती उभ्या आणि जोते काढून घेतलेले, असे काहीसे. दोन ओळींनंतर त्याने पुन्हा तारेवर बोट ठेवले आणि गाणे जमिनीवर आले.

आबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हं. आता समजलं. पण सर, याच्यावर पोट भरतं का?”

पोटाच्या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाने उत्तर देणे धाडसाचे आहे. म्हणून मी त्यांना उत्तर दिले नाही; एका बेसवादकाची हकीकत सांगितली. ती खानदेशाशी बांधलेली आहे, म्हणून इथेही सांगतो.

राहुल राम हे त्यांचे नाव. दिल्लीत वाढलेले. वडील डॉ. एच. वाय. मोहन राम हे वनस्पतिशास्त्राचे नामवंत प्राध्यापक; आईही त्याच शास्त्रातल्या. मुलगा हुशार निघाला. सेंट स्टीफन्स कॉलेजात रसायनशास्त्र, कानपूरच्या आयआयटीत एम.एस्‌सी., आणि पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. विषय, पर्यावरणातली विषद्रव्ये. आपल्याकडच्या कोणत्याही आईबापांनी देव्हाऱ्यापुढे पेढे ठेवावेत अशी ही पायरीपायरीने चढलेली वाट. एवढे शिकून १९९० च्या सुमारास हा गृहस्थ भारतात परत आला आणि त्याने दोन गोष्टी केल्या. दोन्ही ऐकून शेजारपाजारच्यांनी कपाळाला हात लावला असता. एक, तो नर्मदा बचाव आंदोलनात दाखल झाला. दुसरी, १९९१ साली दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ नावाच्या चमूत तो बेस वाजवू लागला.

हा चमू सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघा मित्रांनी आदल्याच वर्षी उभा केला होता. एकाची गिटार, दुसऱ्याचा तबला आणि गळा. रॉक म्हणावे तर त्यात रागांचे वळण. शास्त्रीय म्हणावे तर मांडणी रॉकची. अशा संगीताला त्या काळी ना दुकानात खण होता, ना सभागृहात गर्दी. १९९३ साली त्यांची पहिली ध्वनिफीत निघाली, १९९४ मध्ये अमित किलाम ड्रम वाजवायला आले, १९९७ साली प्रत्यक्ष कार्यक्रमातच मुद्रित केलेली ‘डेझर्ट रेन’ आली. आणि सर्वांना नाव माहीत झाले ते २००० सालच्या ‘कंदिसा’मुळे. म्हणजे राहुल राम चमूत आल्यापासून नऊ वर्षांनी. बी.ए. झाल्या-झाल्या नोकरी लागली नाही की घरात सुतक पाळणाऱ्या आपण लोकांनी ही नऊ वर्षे जरा मोजून पाहावीत.

पण मला त्यातली पहिली पाच वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. कारण ती त्यांनी नर्मदेच्या आंदोलनाबरोबर काढली.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना नर्मदा म्हटले की गुजरात आठवतो, मध्य प्रदेश आठवतो. पण सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावे आली, आणि ती सारी त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नंदुरबार हा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. तोवर ती आमच्या खानदेशच्या धुळ्याचीच लेकरे. त्यांतले मणिबेली हे धरणाच्या अगदी उंबरठ्यावरचे गाव. १९९१ पासून पावसाळ्यात तिथे सत्याग्रह झाले. पाणी चढत असताना माणसे घरात बसून राहिली. जागतिक बँकेने या धरणाला १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. त्या बँकेच्याच मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज आपण घेणार नाही असे भारत सरकारने कळवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. पुढे १९९४ साली ४४ देशांतल्या तीनशेहून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध एक जाहीरनामा काढला. त्याला त्यांनी नाव दिले ‘मणिबेली’. सातपुड्यातल्या एका पाड्याचे नाव साऱ्या जगात गेले. गाव मात्र पाण्यात गेले.

अशा या आंदोलनासाठी राहुल राम यांनी १९९३ साली एक पुस्तक लिहिले. धरणाचे जे फायदे सांगितले जातात ते हिशेबाला उतरतात का, याची त्यात छाननी आहे. पुण्या-दिल्लीत काम करणाऱ्या ‘कल्पवृक्ष’ने ते प्रसिद्ध केले. नाव ‘मडी वॉटर्स’, म्हणजे गढूळ पाणी. हेच नाव अमेरिकेतल्या एका थोर ब्लूज गायकाचेही आहे. आकडेमोडीच्या पुस्तकावरही वादकाची मुद्रा उमटली, असे मला आपले वाटते.

इथवर ऐकून आबांनी मला अडवले. शेतकरी माणूस, पाण्याची आणि विजेची गोष्ट निघाली की त्याचे कान टवकारतात.

“पण सर, ही गिटार विजेशिवाय वाजते का?”

“नाही.”

“मग धरणाला नाही म्हणायचं आणि गिटार विजेवर वाजवायची, हे कसं?”

प्रश्न रोखठोक होता आणि खोटाही नव्हता. वाद्याची तार छेडली तर वीतभर अंतरावर ऐकू येईल. घुमायला वीजच लागते. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला आहे. या दिवाळीत आपल्या घरी जो आकाशकंदील लागेल त्यात त्या नदीचाही एखादा थेंब असेल. त्याच पाण्याने सौराष्ट्र-कच्छची तहान भागते, हेही खरे आहे. पण भांडण दिवा असावा की नसावा याचे नव्हते. दिव्याचे तेल कोणाच्या घरातून काढले आणि त्याला विचारले होते का, याचे होते. कापसाचा भाव आपल्याला न विचारता ठरतो तेव्हा आपल्याला जे वाटते, तेच अक्राणीच्या माणसाला आपले शेत न विचारता बुडते तेव्हा वाटले असेल. आबांनी मान हलवली. भावाची गोष्ट त्यांना पटली.

‘कंदिसा’ या तबकडीत ‘मा रेवा’ हे गाणे आहे. रेवा हे नर्मदेचे दुसरे नाव. हे गाणे कोणा कवीने दिल्लीत बसून लिहिलेले नाही. नर्मदेच्या खोऱ्यात लोक गातात त्या गाण्यावरून ते घेतलेले आहे. नदीला आई म्हणून घातलेली ती हाक आहे. राहुल राम आंदोलनात गेले नसते तर ते दिल्लीच्या त्या तालमीच्या घरापर्यंत कसे पोहोचले असते? माणूस खोऱ्यात गेला होता एक शास्त्रज्ञ म्हणून, हिशेब घेऊन. येताना त्याने गाणे आणले. आज शहरांतल्या महाविद्यालयांत, ज्यांनी नर्मदा नकाशावरसुद्धा नीट पाहिलेली नाही अशी हजारो मुले ते एका सुरात म्हणतात.

यात मला बेसवादकाचा स्वभाव दिसतो. स्वतःचे गाणे पुढे करण्याची त्याला सवय नसते. दुसऱ्याचे गाणे उचलून धरण्याची असते. राहुल राम गातातही आणि आपल्या गप्पांनी सभा हसवतातही. वरुण ग्रोव्हर आणि संजय राजौरा यांच्याबरोबर ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ या राजकीय विनोदाच्या कार्यक्रमात त्यांनी भल्याभल्यांची टोपी उडवली. तरी चमूतला त्यांचा खरा पराक्रम टिकून राहण्याचा. २००९ च्या नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती गेले. ज्या गळ्याने चमू ओळखला जाई तो गळाच गेला. २०१० साली चमूने आपली नवी गाणी महिन्याला एक याप्रमाणे लोकांना फुकट देऊन टाकली. त्या संग्रहाला नाव दिले ते ज्या जुन्या घरात तालमी होत त्या घराच्या पत्त्याचे, ‘१६/३३० खजूर रोड’. २०१३ मध्ये संस्थापकांपैकी उरलेले सुस्मित सेनही बाहेर पडले. नवे गिटारवाले आले, नवे गळे आले; २०१४ साली ‘तंदानू’ निघाले, २०२३ मध्ये ‘तू है’. खाली चौथी तार वाजतच राहिली.

माझी हकीकत संपली. मला वाटले, आबा आता विरघळतील. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला.

“त्याचे वडील काय करत होते म्हणालात?”

“प्राध्यापक होते.”

“हं. मग जमतं.”

या तीन शब्दांवर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. आपण मासिकांतून, भाषणांतून मुलांना सांगतो, मनासारखे करा, उडी घ्या. उडी घेणाऱ्याच्या पायाखाली काय आहे हे आपण पाहत नाही. कॉर्नेलची पदवी आणि दिल्लीतले प्राध्यापकाचे घर ही भक्कम जमीन आहे; तिच्यावरून घेतलेली उडी फसली तरी माणूस पुन्हा उभा राहतो. चार एकर कापूस आणि सोसायटीचे कर्ज ही जमीन तशी नाही. आणि अक्राणीच्या मुलाच्या पायाखालून तर जमीनच गेली. राहुल राम यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. ज्याच्याजवळ जमीन होती, तो ज्यांची जात होती त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला; हे करायला त्याला कोणी भाग पाडले नव्हते. परंतु त्याचा दाखला देऊन आबांच्या मुलाला उडी मार म्हणणे मला जमेना.

शेवटी आमच्या तिघांत तह झाला. मुलाने परीक्षा नीट द्यायची, आणि आबांनी गिटार विकायला लावायचे नाही. मुलगा दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. आता तो सकाळी जामनेरला एका दुकानात विजेची उपकरणे दुरुस्त करतो आणि हंगामात ऑर्केस्ट्राबरोबर जातो. आबांचा विरोध संपलेला नाही, पण परवा कोणीतरी “पोरगा काय करतो?” म्हणून विचारले तेव्हा ते म्हणाले, “पाया धरतो.” मुलाने हे मला येऊन सांगितले.

एक गोष्ट मात्र मला छळते. २००० सालच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. २०१७ साली धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरले. ज्या वर्षी निकाल लागला त्याच वर्षी ‘मा रेवा’ सर्वांच्या ओठी आले. गाव गेले आणि गाणे राहिले. आपण रसिक लोक अशा वेळी पटकन म्हणतो, बरे झाले, निदान गाणे तरी राहिले! हे समाधान मला फार स्वस्त वाटते. गाणे म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. तळोद्याकडे वसवलेल्या एका वसाहतीला लोकांनी रेवानगर असे नाव दिले आहे. आपली नदी मागे राहिली, निदान तिचे नाव तरी बरोबर न्यावे, असे त्यांना वाटले असावे. त्या माणसांना गाण्याची आठवण करून द्यावी लागत नाही. आठवण आपल्याला हवी आहे.

यंदा फराळाच्या वेळी घरातल्या एखाद्या मुलाला ते गाणे लावायला सांगा. पण मोबाईलवर नको. त्याच्या नखाएवढ्या कर्ण्यातून चौथ्या तारेचा सूर निघतच नाही. त्याची एकेक लाट आठ मीटरांहून लांब असते, आणि ती उठवायला मोठी पेटी लागते. मोठ्या पेटीवर लावा, आणि गाणाऱ्याकडे नव्हे, खाली कान द्या.